पाहुण्यांची नोंद

थाई भाषेत 'क्लाय' असा एक शब्द आहे. सपाट, एकाच पट्टीत म्हटला तर त्याचा अर्थ 'दूर' आणि आवाज वरून खाली उतरवत म्हटला तर 'जवळ'. लिहिताना दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात, पण बोलताना सगळा भार सुरावर. २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं मी बँकॉकमध्ये राहिलो आणि त्यातले पहिले कित्येक महिने जवळच्या जागांना दूर आणि दूरच्या जागांना जवळ म्हणत हिंडलो. कुणी विचारलं, 'तुमचं गाव कुठं?' तर मी ठासून सांगायचो, 'फार दूर.' ऐकणारा हसून मान डोलवायचा, कारण त्याच्या कानी 'फार जवळ' असंच पडलेलं असायचं.

परक्या देशात राहायचं म्हणजे दोन गोष्टी शिकाव्या लागतात. तिथलं बोलणं आणि तिथले कागद. बोलणं बाजारात शिकता येतं, कागद रांगेत. थायलंडमध्ये या दोन्ही गोष्टी शिकताना मला एक जुना इतिहास भेटला. त्यात अयोध्या आहे, इराण आहे, सुरत आहे आणि थोडं आपलं मराठीही आहे. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या पत्नीला तिथल्या एका शाळेत गणित शिकवण्याची नोकरी लागली. तिचा व्हिसा नोकरीचा आणि माझा तिच्यावर अवलंबून असलेल्या नवऱ्याचा. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नातेवाइकांना हे उलटं गणित समजावून सांगताना नाकी नऊ आले. पण घरात दिवसभर मी मोकळा आणि शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. थाईत शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात. शब्द ऐकताच ओळख पटली, हा आपला 'गुरू'च. मी त्यांना ख्रूच म्हणू लागलो. त्या मला 'खुन' म्हणायच्या, म्हणजे 'आपण'. हे 'खुन' म्हणजे संस्कृत 'गुण'. समोरच्या माणसाला गुण म्हणून हाक मारणारी भाषा मला पहिल्याच दिवशी आवडली.

आवडली, पण जमली नाही. थाईत पाच सूर. सपाट, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. 'खाव' हा उच्चार सुरानुसार भात होतो, पांढरा होतो, बातमीही होतो. माझी पहिली गरज होती जेवणाची. 'डुक्कर घालू नका' हे वाक्य, 'माय साय मू', मी घोकून पाठ केलं आणि गल्लीतल्या गाडीवर जाऊन मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं. 'माय' उतरत्या सुरात म्हणजे 'नाही', खालच्या सुरात म्हणजे 'नवीन'. मी 'नवीन डुक्कर घाला' अशा अर्थाचं काहीतरी बोललो होतो. गाडीवरच्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, हसल्या आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या हिरव्या पाटीच्या, चंद्रकोरीच्या गाडीकडे बोट दाखवलं. माझी भाषा त्यांना कळली नव्हती, माणूस कळला होता.

ख्रूंनी मग बाराखडीपासून सुरुवात केली. थाई लिपीत ४४ व्यंजनं आहेत आणि त्यांचा क्रम आपल्याच वर्णमालेचा. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, त्याच रांगेत. आपण 'क कमळाचा' म्हणतो तसं तिथली मुलं 'को काय' म्हणतात, 'काय' म्हणजे कोंबडी, आणि 'खो खाय', 'खाय' म्हणजे अंडं. ही लिपी ख्मेर लिपीतून आली आणि ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून. वर्णमालेच्या शेवटाला, 'ह'च्या पुढे, एक अक्षर पाहून मी थबकलो. ते होतं 'ळ'. पाली भाषेतून आलेलं. थाई लोक त्याचा उच्चार 'ल'च करतात, पण लिहिताना ते जपून ठेवलंय. त्यांचा थोर राजा चुलालोंगकोर्न याच्या नावात हाच 'ळ' आहे. मूळ नाव चूळालंकरण. हिंदी मुलखात गेलो की माझ्या मराठीतला 'ळ' पोरका होतो. इथं बँकॉकमध्ये तो राजाच्या नावात बसलेला.

तरीही बाजारातलं थाई परकंच राहिलं. पाणी, झाड, घर, खाणं, झोपणं, येणं, जाणं हे सारे शब्द वेगळ्या कुळातले. आकडे तर चिनी वळणाचे. माझं संस्कृतोद्भव शब्दांचं भांडवल भाजीवालीपुढे काही कामाचं नव्हतं. ते कामाला आलं भलत्याच ठिकाणी, सरकारी कचेरीत.

परदेशी माणसांच्या खात्याला तिथं सगळे 'तॉ-मॉ' म्हणतात. हे लघुरूप आहे. पूर्ण नावाचा अर्थ 'मुलखात येणाऱ्या माणसांची तपासणी'. बँकॉकच्या उत्तरेला चेंग वथना रस्त्यावरच्या भल्यामोठ्या सरकारी संकुलात या खात्याची कचेरी आहे. पहाटे निघायचं, नंबराचं टोकन घ्यायचं आणि बसायचं. एक वर्षाची मुदतवाढ हवी तर एक अर्ज आणि १,९०० बात. देशाबाहेर जाऊन परत यायचं तर आधी परतीचा परवाना, एका खेपेला १,००० बात. घरमालकानं परदेशी भाडेकरूची खबर २४ तासांत द्यायची. आणि सलग राहणाऱ्या प्रत्येकानं दर ९० दिवसांनी 'मी इथंच आहे' असं कळवायचं. या शेवटच्या गोष्टीला थाईत जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ 'स्वतःच्या देहाची खबर देणं' असा होतो. प्रत्येक झेरॉक्सवर 'नक्कल बरोबर आहे' असं लिहून सही करायची. माझ्या आयुष्यात मी कवितांच्या वह्यांवर जेवढ्या सह्या केल्या नसतील, तेवढ्या त्या तीन वर्षांत झेरॉक्सवर केल्या.

पहिल्या खेपेला तीन तास बसलो असताना वेळ जावा म्हणून मी अर्जावरचं इंग्रजी सोडून थाई वाचू लागलो. अक्षर अक्षर जुळवत. आणि एकेक रकाना उलगडू लागला. वय? 'आयु'. व्यवसाय? 'आछीप', म्हणजे 'आजीव', उपजीविका. राष्ट्रीयत्व? 'सन्छात', त्यात आपली 'जाति'. देश? 'प्रथेत', म्हणजे 'प्रदेश'. वेळ? 'वेला'. वकिलात? 'सथानथूत', म्हणजे 'स्थान' आणि 'दूत'. नवरा हा 'सामी', म्हणजे स्वामी, आणि बायको 'फन्रया', म्हणजे भार्या. भार्येच्या पगारावर अवलंबून असलेला स्वामी असा मी त्या रांगेत बसलो होतो.

महिन्यांची नावं तर सरळ राशींची. मकर, कुंभ, मीन, मेष अशी. ऑगस्ट म्हणजे 'सिंहाखोम', सिंहेत सूर्याचं आगमन. एकतीस दिवसांच्या महिन्यांना शेवटी 'आगम', तीस दिवसांच्यांना 'अयन' आणि एकट्या फेब्रुवारीला 'बंध'. चुलालोंगकोर्न राजाच्या काळात, १८८९ साली, ही नावं रुजू झाली. साल बुद्धाचं, इसवी सनात ५४३ मिळवायचे. माझ्या मुदतीची तारीख २५६० सालातली पाहून पहिल्यांदा हायसं वाटलं होतं, भरपूर अवकाश आहे म्हणून!

विसाव्या शतकात आधुनिक यंत्रं आली, तेव्हा थाई विद्वानांनी संस्कृत-पालीतून शब्द घडवले. आपल्याकडे दूरदर्शन, तिकडे 'थोरथात', तेच 'दूर' आणि 'दर्शन'. टेलिफोन 'थोरसाप', म्हणजे दूर-शब्द. आणि ज्या माध्यमातून मी हे बोलतोय त्या रेडिओला थाई लोक 'विथयु' म्हणतात, 'विद्युत'वरून. ज्या 'सवादी'नं आज सगळा देश नमस्कार करतो तो शब्दही जुना नाही. १९३०च्या दशकात चुलालोंगकोर्न विद्यापीठात शिकवणाऱ्या फ्राया उपकित सिल्पसान या भाषापंडितांनी 'स्वस्ति'वरून तो चालू केला आणि १९४३ साली सरकारनं तो अधिकृत केला.

त्या रांगेत माझ्या मनात एक मजेदार उलटापालट झाली. आपल्याकडच्या कचेरीत काय असतं? अर्ज, दाखला, तारीख, मुदत, नक्कल, सही, शिक्का, परवाना, मालक, वकील. यातला बहुतेक शब्द अरबी नाही तर फारसी. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्यातले काही रुळले, पण अर्ज आणि तारीख कुठं गेली नाहीत. म्हणजे माझ्या पूर्वजांच्या मशिदीतल्या भाषेचे शब्द मराठी कचेरीत आणि माझ्या शाळेतल्या सुभाषितांचे शब्द थाई कचेरीत. दोन्हीकडे ते शब्द पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन गेले. त्यांना कुणी ९० दिवसांनी बोलावत नाही.

माणसांचं मात्र तसं नाही. थाईत भारतीय माणसाला, अरबाला, मलायी मुसलमानाला एकच शब्द आहे, 'खॅक'. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. गोऱ्या माणसाला 'फरांग' म्हणतात, तो आपला 'फिरंगी'च, फारसीतून तिकडे गेलेला. मी दोन्ही कारणांनी खॅक होतो, भारतीय म्हणून आणि मुसलमान म्हणून. शब्द तसा वाईट नाही. पण पाहुणा हा शब्द फार दिवस वापरला की त्याला एक वास येतो. 'साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला मार' अशी एक म्हणही तिथं आहे. ती मला कुणी तोंडावर ऐकवली नाही. एका भाजणीच्या दुकानात गप्पा मारताना एका तरुणानं शरमत शरमत सांगितली.

हे पाहुणे आले कधी? अयुथया ही सयामची जुनी राजधानी, १३५१ ते १७६७. नाव अयोध्येवरून. पण सतराव्या शतकात इराणी आणि अरबी व्यापारी तिला 'शहर-ए-नाव' म्हणत. शहराभोवती पोर्तुगीज, जपानी, डच, मकासारी अशा प्रत्येक परक्या समाजाची वेगळी वस्ती असे. बंदराच्या कारभाराची दोन खाती होती, डावं आणि उजवं. डाव्या खात्याकडे चिनी व्यापार आणि उजव्याकडे हिंदी महासागरातला मुसलमान व्यापाऱ्यांचा. त्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या कोम शहराहून शेख अहमद नावाचा व्यापारी तिथं आला, स्थिरावला आणि उजव्या बंदराचा प्रमुख झाला. मुसलमानांचा धर्मप्रमुख म्हणजे 'चुलाराचमोंत्री' हे पद त्याच्यापासून सुरू झालं असं मानतात. ते पद आजही आहे. त्याचे काही वंशज पुढं बौद्ध झाले आणि बुन्नाग या नावाच्या त्या घराण्यानं एकोणिसाव्या शतकात सयामचे सर्वांत बलाढ्य मंत्री दिले. १६८५ मध्ये इराणच्या शाह सुलेमाननं अयुथयाला वकील पाठवला. त्या प्रवासाचा फारसी वृत्तांत आजही वाचायला मिळतो.

त्या लोकांच्या गलबतांतून शब्दही उतरले. थाईत गुलाबाला 'कुलाप' म्हणतात, द्राक्षाला 'आंगुन', म्हणजे अंगूर, आणि तराजूला 'त्राछू'. साताऱ्याच्या बाजारातला तराजू मला बँकॉकच्या शब्दकोशात सापडला तेव्हा ख्रूंना तो शब्द मी शिकवला असं मला उगाच वाटलं.

त्या काळी परक्यावर नजर ठेवायची रीत वेगळी होती. खरं तर नजर आपल्यांवर जास्त होती. सयामी रयतेला वेठ करावी लागे आणि ती चुकवू नये म्हणून मनगटावर मालकाचं आणि गावाचं नाव गोंदत. चिनी स्थलांतरिताला वेठ माफ होती. त्यानं दर तीन वर्षांनी कर भरायचा आणि कर भरल्याची खूण म्हणून मनगटाला दोरा बांधून त्यावर लाखेचा शिक्का मारला जाई. तो दोरा हाच त्याचा कागद. दोरा जपायचा, तुटू द्यायचा नाही. चार पैसे जास्त देणाऱ्याला दोऱ्यातून सुटका मिळे. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. नवा वार्षिक कर लागू झाला तेव्हा, १९१० साली, बँकॉकमधल्या चिनी दुकानदारांनी संप करून शहर ठप्प केलं. माझ्या पासपोर्टला टाचलेली ९० दिवसांची चिठ्ठी पाहताना मला अनेकदा तो दोरा आठवायचा.

भारतीयांच्या हाती पहिला कागद आला तो इंग्रजांचा. १८५५ साली राजा मोंगकुटच्या दरबारात जॉन बाउरिंग या इंग्रज वकिलानं करार केला. त्यानुसार इंग्रजी प्रजाजनाचा न्याय सयामच्या कोर्टात न होता इंग्रज कॉन्सलपुढे होणार होता. आपण तेव्हा इंग्रजांची प्रजा. मग सुरतेचा बोहरी, तामिळ मुसलमान, पुढं पंजाबचा शीख आणि गोरखपूरकडचा पहारेकरी हे सारे कॉन्सलच्या वहीत नाव नोंदवून सयाममध्ये राहू लागले. करारात एक गमतीचं कलम होतं. शहराच्या तटापासून चार मैलांच्या आत जमीन विकत घ्यायची तर दहा वर्षं राहिलेलं असावं लागे. त्यापलीकडे, होडीनं २४ तासांत जाता येईल एवढ्या अंतरापर्यंत, लगेच घेता येई. जवळ आणि दूर यांचा हिशेब कराराच्या कागदावरही होताच.

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठाला सुरती व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. त्या भागात आजही दोन मशिदी जवळजवळ आहेत. एका ठिकाणाला लोक 'पांढरी इमारत' म्हणतात, ती बोहऱ्यांची, आणि दुसऱ्याला 'लाल इमारत'. सुरतेच्या मस्कती पेढीनं आणलेलं छापील कापड सयाममध्ये इतकं चाललं की कापडालाच 'मस्कती' नाव पडलं. आणि सुखुमवित रस्त्यावर 'नाना' नावाचा भाग आहे, आकाशरेल्वेचं स्टेशनही आहे. मी पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा कुणा मराठी नानांचं स्टेशन समजून खूश झालो. ते नाना गुजराती मुसलमान घराण्याचे. त्याच घराण्यातले लेक नाना पुढं थायलंडच्या राजकारणात मोठे झाले.

आणि भाषा शिकणाऱ्यांत ज्यांचं नाव घ्यायलाच हवं ते स्वामी सत्यानंद पुरी. बंगालचे. १९३२ साली ते बँकॉकला आले, काही महिन्यांत थाई शिकले आणि मग थाईतूनच व्याख्यानं देऊ लागले, ग्रंथ लिहू लागले. १९४० साली त्यांनी थाई-भारत सांस्कृतिक आश्रम स्थापन केला. स्वातंत्र्याच्या कामासाठी टोकियोच्या परिषदेला निघाले असताना मार्च १९४२ मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये रासबिहारी बोस यांच्या पुढाकारानं इंडियन इंडिपेंडन्स लीगची परिषद बँकॉकला भरली. गुलाम देशाच्या माणसांना आपल्या देशाबद्दल मोकळं बोलायला पाहुण्याचं घर लागलं.

दरम्यान कागद वाढत होते. १९१३ साली सयामनं राष्ट्रीयत्वाचा कायदा केला आणि त्याच वर्षी प्रत्येकानं आडनाव घ्यावं असाही कायदा आला. १९२० साली इंग्रजांनी भारतात पासपोर्टचा कायदा केला. १९२७ साली सयामचा पहिला परदेशी प्रवेशाचा कायदा आला. १९३९ साली सयामचं थायलंड झालं. आज ज्या कायद्याखाली ९० दिवसांची खबर द्यावी लागते तो १९७९चा. सुरतेचा व्यापारी गलबतात बसून गेला, त्याला कुणी कागद विचारला नाही. त्याच्या नातवाला कागदाशिवाय घाटावर पाय ठेवता येईना. हा बदल साठ-सत्तर वर्षांत झाला आणि जगभर झाला.

कचेरीतल्या बाकावर एकदा शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मूळ गोरखपूरकडचे. हातात लाल पुठ्ठ्याचं पुस्तक, कायम राहणाऱ्या परदेशी माणसाला मिळतं ते. गावी जाऊन यायचं होतं, त्याचा शिक्का हवा होता. काउंटरवरच्या मुलीशी ते असं थाई बोलले की डोळे मिटले तर कुणी थाई आजोबा बोलताहेत वाटावं. मुलगी कौतुकानं म्हणाली, 'आजोबा, थाई किती छान बोलता!' माझ्याकडे वळून ते हळूच हिंदीत म्हणाले, 'साठ साल से मेहमान हूँ.'

ते वाक्य मला लागलं, कारण ते कौतुक माझ्या ओळखीचं आहे. मी मराठीत कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी प्रेमानं हात हातात घेतं आणि म्हणतं, 'तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!' म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण त्या व्यासपीठावरच्या बाकीच्या कवींना हे कुणी सांगत नाही. आमच्या घरात पाच पिढ्या मराठी बोलली जाते. घरात दखनी, दारात मराठी आणि स्वप्नं दोन्हींत. ज्याच्या भाषेचं कौतुक होतं, तो पाहुणा. बँकॉकमध्ये मी खरोखर पाहुणा होतो, म्हणून तिथं ते कौतुक गोड वाटायचं.

२०१७ साली पावसाळ्यात साताऱ्याहून फोन आला. अम्माला दवाखान्यात हलवलं होतं. त्याच रात्री विमान धरलं. परतीचा परवाना घ्यायचा राहून गेला. तो विमानतळावरही मिळतो हे मला माहीत होतं, पण त्या रात्री डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या परवान्याशिवाय देश सोडला की उरलेली सगळी मुदत तिथल्या तिथं संपते. माझे आठ महिने संपले. चूक पूर्ण माझी होती.

अम्मा चार दिवसांत सावरली. मला मात्र आता मुंबईत पुन्हा नव्यानं व्हिसा काढणं भाग होतं आणि त्यासाठी मूळ लग्नाचा दाखला हवा होता. बँकॉकला होती ती झेरॉक्स. अम्मानं पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. अम्माला लिहिता-वाचता येत नाही. पण कागद ती बोटांनी ओळखते. जाड आहे तो अब्बांच्या शाळेचा दाखला, कडेला फाटलेला तो आजोबांचा सातबारा, गुळगुळीत तो आमचा निकाहनामा. तिनं तो न बघता काढून दिला. मी त्याचं भाषांतर करून घेतलं, शिक्के मारून घेतले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बँकॉकला उतरलो.

२०१८ साली बाडबिस्तरा आवरला. निघायच्या दिवशी ख्रूंना म्हटलं, 'आमचं गाव दूर आहे, पण या.' त्या तीन वर्षं माझा प्रत्येक सूर सुधारत आल्या होत्या. त्या दिवशीही मी नेहमीची चूक केली, 'दूर'च्या जागी 'जवळ' म्हणून गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. 'येईन,' एवढंच म्हणाल्या.

२०१९च्या अखेरीला देशभर कागदांची चर्चा सुरू झाली. कुणाकडे कोणता दाखला आहे, कुणाच्या नावात एक अक्षर इकडं, एक तिकडं. मी साताऱ्याला गेलो तर ट्रंक पुन्हा पलंगाबाहेर होती. अम्मानं सगळे कागद चादरीवर मांडले होते. मी एकेक वाचून दाखवत होतो. अर्जदार, तारीख, मालक, नक्कल, शिक्का. शब्द सगळे जागच्या जागी होते.

अम्मानं विचारलं, "तिकडं नव्वद दिवसांनी जाऊन सांगावं लागायचं न्हवं, अजून हितंच हाय म्हणून?"

"हो."

"मग हितं कधी सांगायचं?"

"हितं नाही सांगावं लागत, अम्मा."

"बरं हाय मग," ती म्हणाली. आणि सगळे कागद पुन्हा क्रमानं लावून, फडक्यात बांधून, तिनं ट्रंकेत ठेवले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)